चौथी बाजू

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

आदरणीय गीता मॅडम,
सप्रेम जय भीम.

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही मला म्हणाला होतात, "मोजणीचं काही फोनवर विचारायचं नाही. फोनवर माणूस घाईत बोलतो. कागदावर लिही, आकृती काढ, मग विचार." म्हणून लिहिते आहे. तुम्ही फर्दापूरला जाऊन आठ महिने झाले. मुलाचं लॉज कसं चाललंय, लेणी बघायला येणारे लोक उतरतात का, हे आधी विचारायला हवं. पण मला दोन गोष्टींचा सल्ला हवा आहे आणि तोच आधी सुचतो आहे.

पहिली गोष्ट घरची. लिपिकाच्या परीक्षेत माझं नाव लागलं आहे. ३१ मार्चपर्यंत हजर व्हायचं. बाबांनी पेढे वाटून टाकले. ते म्हणतात, "भूकरमापक म्हणजे उन्हात उभं राहून लोकांची भांडणं ऐकायची. दोन वर्षं बघतोय, तू येईपर्यंत तुझी आई दारात उभी असते. लिपिकाला डोक्यावर पंखा असतो, बाई." मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

बाबांना एक गोष्ट नीट सांगता येत नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी आम्ही तेवीस जण होतो, त्यात चार मुली. जेवणाच्या सुट्टीत मी अर्ज मागं घ्यायचं ठरवलं होतं. दुपारी तुम्ही आलात आणि २००५ सालची गोष्ट सांगितलीत: बांधावर चाळीस माणसं, हातात काठ्या, तुम्ही एकट्या बाई, आणि संध्याकाळपर्यंत मोजणीच्या प्लेन टेबलपासून हटला नाहीत. मी तारखेसकट वहीत लिहून घेतलं. अर्ज मागं घेतला नाही. या नोकरीत मी आहे ती त्या दुपारमुळं.

दुसरी गोष्ट कामाची. करंजवाडीचा गट ११४ माझ्याकडं आला आहे. गोजरबाई साळवे नावाच्या विधवा बाईंचं दीड एकर, शेजारी पुंडलिकरावांची मोठी जमीन. ते वारले, आता मुलगा विश्वजीत बघतो. मध्ये नाला आहे. गोजरबाई मला म्हणाल्या, "बाई, दीड एकराचं बी आणते आन् दर साली उरतं. बी उरतं म्हंजे जमीन कमी हाय ना?" मोजणीची तारीख ३ फेब्रुवारी. जुनी फाइल अजून मिळालेली नाही. नाल्याकाठची हद्द कशी धरावी?

तुमची,
करुणा हिवराळे


फर्दापूर
२० जानेवारी २०२५

चि. करुणा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय. लॉज बरं चाललंय, थंडीत गर्दी असते. माझा मुलगा राजेंद्र मला गल्ल्यावर बसवतो आणि मी पर्यटकांशी वाद घालते म्हणून परत उठवतो.

लिपिकाची नोकरी वाईट नाही, पण तुझ्यासाठी नाही. वडिलांना सांग, सावलीत बसून माणूस लवकर म्हातारा होतो. पुन्हा विचारू नकोस.

आता कामाचं. बांधावर गेलीस की दोन्हीकडचा चहा नाकार, म्हणजे कुणी रागावत नाही. पाणी स्वतःचं ने, आणि पी. सोय नसते म्हणून मी वीस वर्षं कमी पाणी प्यायले आणि मूतखडा घेऊन बसले. गावात शिरताना आधी शाळा नाहीतर अंगणवाडी बघून ठेव, तिथं बाईमाणसाची सोय होते. गर्दीत कुणाकडं बघायचं सुचलं नाही तर मशीनकडं बघ. बूट एक नंबर मोठे घे, जाड मोजे घालता येतात.

करंजवाडीचं काम तुझ्याकडं का दिलं? तिथं माणसं बरी नाहीत. जमलं तर दुसऱ्या कुणाला घ्यायला सांग. नाही जमलं तर जुनी मोजणी झालेलीच आहे, तिच्यावर तुझा नकाशा बसव आणि मोकळी हो. नाल्याचा काठ दरवर्षी हलतो. त्यात खोल शिरू नये.

गीता जंजाळ


पडेगाव
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मॅडम,
सप्रेम जय भीम.

मोजणी झाली. दुसऱ्या कुणाला द्या म्हणून साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "सगळ्यांना सोपी गावं हवीत."

सकाळी आठला पोचले. अंगणवाडी शाळेच्या मागं आहे, आधी बघून ठेवली. विश्वजीत सात-आठ माणसं घेऊन उभा होता. रागानं बोलला नाही. हसून म्हणाला, "मॅडम, ही मोजणी माझ्या वडिलांच्या काळात झाली आहे. सरकारी सही आहे. जुन्या माणसांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

मी मशीनकडं बघितलं. उपग्रहावर चालणारा रोव्हर लावला, गावाच्या लांबच्या दोन पक्क्या खुणांपासून सुरुवात केली. तीन बाजू तंतोतंत जुळल्या. चौथी बाजू, नाल्याची, जुळेना. तीनदा चालले. गोजरबाई माझ्या मागं मागं येत होत्या. नाला ओलांडून पलीकडच्या मक्यात त्या एका जागी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दगड इथं व्हता. माझ्या सासऱ्यानं दावला व्हता." रोव्हरनं दाखवलेली जागा तिथून दीड हातावर होती.

मॅडम, कागदावर साठ गुंठे आणि ताब्यात एक्कावन्न. नऊ गुंठे विश्वजीतच्या मक्यात आहेत. बी खरंच उरत होतं.

परवा जुनी फाइल मिळाली. २००५ च्या मोजणीवर तुमची सही आहे! मला इतकं हायसं वाटलं. तुम्ही मोजली होती म्हणजे तेव्हा हद्द बरोबर असणार. नंतर कुणीतरी दगड हलवून नकाशात फेरफार केला असणार. तुम्ही करंजवाडीचं नाव ऐकून सावध का झालात ते आता कळलं. तुम्हाला आठवत असेल, दगड तेव्हा कुठं होता? चार ओळी लिहून पाठवल्या तर साहेबांपुढं ठेवीन.

तुमची,
करुणा


फर्दापूर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. करुणा,

वीस वर्षं झाली. हजारो मोजण्या केल्या, एकेक दगड कुठून आठवणार? जे कागदावर आहे ते आहे.

तुझ्या वडिलांचं मी पुन्हा विचार करून बघितलं. त्यांचं बरोबर आहे. लिपिकाची जागा सोडू नकोस. मार्चच्या आत इथला कार्यभार देऊन टाक आणि करंजवाडीचं येणाऱ्या माणसावर सोड.

सध्या माझी तब्येत बरी नसते, फोन उचलला जात नाही.

गीता जंजाळ


पडेगाव
२७ फेब्रुवारी २०२५

मॅडम,

जानेवारीत तुम्ही लिहिलंत, लिपिकाची नोकरी तुझ्यासाठी नाही, पुन्हा विचारू नकोस. फेब्रुवारीत लिहिलंत, सोडू नकोस. मध्ये फक्त करंजवाडी घडलं. मी तीनदा फोन केला. राजेंद्रदादांनी उचलला तेव्हा ते म्हणाले, आई ठणठणीत आहे, बाहेर कपडे वाळत घालतेय.

मग मी जागेवरच्या मापांचं तुमचं २००५ चं फील्ड बुक काढलं. मापं बघायला तुम्हीच शिकवलंय. पहिल्या तीन बाजूंची मापं पेन्सिलीनं आहेत, खोडलेली, दुरुस्त केलेली, एका पानावर चिखलाचं बोट. चौथ्या बाजूचं एकच माप आहे. शाईनं. खाडाखोड नाही. चाललेल्या बाजूचं माप असं नसतं.

तारीख १८ मार्च २००५. मी प्रशिक्षणातली वही काढली. तीच तारीख आहे. चाळीस माणसं, काठ्या, प्लेन टेबल. तुम्ही तेव्हा गावाचं नाव सांगितलं नव्हतं.

इकडचं सांगते. विश्वजीतनं हरकत घेतली आहे. अर्जात लिहिलंय, "मोजणी करणाऱ्या बाई अर्जदाराच्या समाजाच्या असल्यामुळे त्यांनी पक्षपात केला." माझं आडनाव आणि गोजरबाईंचं आडनाव शेजारी शेजारी लिहून खाली रेघ मारली आहे. साहेब म्हणाले, "करुणा, जुन्या मोजणीप्रमाणे रिपोर्ट दिलास तर विषय संपतो. नाहीतर तुझ्या विरोधात जुनी सही उभी राहते, आणि ती बाई साधी नाही, खात्यात तिचं नाव आहे."

म्हणून सरळ विचारते. ती बाजू तुम्ही चालला होतात का?

करुणा


फर्दापूर
६ मार्च २०२५

करुणा,

नाही.

हा शब्द लिहायला मला चार दिवस लागले. आता बाकीचं सांगते.

२००५ साली फील्डवर जाणारी आमच्याकडं मी एकटीच बाई. राजेंद्र शाळेत रुळेपर्यंत घरी राहून नुकतीच रुजू झाले होते. त्या दिवशी सकाळी तेव्हाचे साहेब म्हणाले, "जंजाळबाई, आज काही बोंब झाली तर तुम्हाला नकला द्यायच्या टेबलावर बसवीन. आणि मी असेपर्यंत दुसऱ्या बाईला फील्ड देणार नाही." मी मान हलवली.

करंजवाडीला माझ्याबरोबर आमचा शिपाई होता, तो माणसं बघून गाडीपाशीच थांबला. चाळीस म्हणजे मी मोजली नव्हती, पण होती तेवढी. पुंडलिकराव आमच्या नात्यातले, माझ्या चुलतजावेच्या माहेरचे. तेही हसूनच बोलले. तीन बाजू झाल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. नाल्याकडं निघाले तर माणसं बांधावर दाटीनं उभी राहिली. कुणी हात लावला नाही. नुसती उभी राहिली. पुंडलिकराव म्हणाले, "कशाला चिखलात उतरता, ताई. दगड हा इथंच आहे, बघा. घरी लेकरू वाट बघत असंल."

दगड होता. ताजा पुरलेला. भोवतीची माती ओली होती.

तेव्हा नाल्यापलीकडून एक बाई ओरडत होती, "बाई, इकडं या! दगड इकडं हाय!" मी ऐकलं. तिच्याकडं बघितलंही. मग खाली मान घालून त्यांच्या दगडापर्यंतचं माप टाकलं आणि सही केली. ती गोजरबाई. तेव्हा तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, पुढं तक्रार कोण करणार?

मी टेबलापासून हटले नाही, असं मी तुम्हाला सांगितलं ते खोटं नाही. हटलेच नाही. हटले असते तर चौथ्या बाजूला पोचले असते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पुढच्या वर्षी महिला दिनाला सत्कार झाला. कुणी विचारलं की मी गोष्ट सांगायची, आणि दर वेळी ती जास्त चांगली व्हायची. नंतर फील्डवर मुली यायला लागल्या, तू आलीस. मी मनाशी म्हणायचे, एक बाजू चुकली पण त्यातून एवढ्या पोरी उभ्या राहिल्या. असा हिशोब मी घातला होता. गोजरबाई त्या हिशोबात नव्हती.

तू काय समजायचं ते समज. हे पत्र कुणाला दाखवायचं असलं तर दाखव.

गीता


पडेगाव
११ मार्च २०२५

मॅडम,

पत्र वाचलं. बाबांनी विचारलं, काय झालं, तर मी डोकं दुखतंय म्हणाले.

तुम्ही घाबरलात याचा मला राग नाही. मीही ३ फेब्रुवारीला घाबरले होते. राग याचा आहे की पुढची वीस वर्षं कुणी घाबरवत नव्हतं. रेकॉर्ड तुमच्या हातात होतं. एका अर्जानं दुरुस्ती झाली असती. त्याऐवजी तुम्ही आम्हाला ती गोष्ट सांगितलीत. आणि पकडलं जाईल असं वाटल्यावर मला लिपिक व्हायला सांगितलंत.

मी जे मोजलं तोच रिपोर्ट काल दिला. साठपैकी एक्कावन्न. साहेबांनी पान फक्त उलटं ठेवलं. २१ मार्चला सकाळी दहाला ते स्वतः जागेवर येणार आहेत, दोन्हीकडच्यांना नोटिसा गेल्या आहेत.

तुमचं पत्र मी कुणाला दाखवणार नाही. ते मला लिहिलेलं आहे. जे सांगायचं ते तुम्हीच सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

करुणा


पडेगाव
२४ मार्च २०२५

मॅडम,

तुम्ही शुक्रवारी बांधावरून माझ्याकडं न बघता निघून गेलात, म्हणून नंतरचं तुम्हाला माहीत नाही. ते कळवायला हवं असं वाटलं.

आधी तुम्ही येईपर्यंतचं. सव्वादहा झाले होते. विश्वजीत साहेबांना जुना नकाशा दाखवत होता, "ही बघा जंजाळ मॅडमची सही. त्या काय आमच्या घरच्या होत्या का?" गोजरबाई खाली बसून होत्या. मी बोलायला सुरुवात केली की कुणीतरी मागून म्हणायचं, "ह्यांची ह्यांचीच माणसं." मी मशीनकडं बघत होते, पण दिसत काही नव्हतं. तेवढ्यात रिक्षा थांबली. उतरणाऱ्या बाईला मी ओळखलंच नाही. तुम्ही इतक्या बारीक झाला आहात.

साहेब उठून उभे राहिले. विश्वजीत पुढं येऊन म्हणाला, "या, आत्या! बरं झालं आलात. सांगा आता तुम्हीच." तुम्ही त्याला बाजूला व्हायला सांगितलंत आणि नाल्यात उतरलात. चप्पल चिखलात रुतली ती तुम्ही तिथंच सोडलीत. पलीकडं जाऊन, मक्याच्या धांड्यातून, सगळी बाजू चाललात आणि परत येऊन म्हणालात, "लिहून घ्या, साहेब. २००५ साली ही बाजू मी मोजली नव्हती. दाखवलेला दगड नवा होता आणि तो नवा आहे हे मला कळलं होतं. सही माझीच आहे. या मुलीची मोजणी खरी आहे." विश्वजीत म्हणाला, "आत्या, काय बोलताय?" तुम्ही म्हणालात, "जे तेव्हा बोलायचं होतं ते."

नंतर सही करून तुम्ही रिक्षात बसलात.

आता पुढचं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हिवराळे, परत एकदा मोजा. मी बरोबर चालतो." चाललो. तेवढंच आलं. जुनी मोजणी रद्द करण्यासाठी कागद वर गेले आहेत. विश्वजीत वकील लावणार आहे. म्हणजे लगेच काही होणार नाही, पण या खेपेला पेरणी कुठपर्यंत करायची ते साहेबांनी दोघांनाही लेखी दिलं.

गोजरबाई तुमच्याबद्दल काय म्हणाल्या हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. मी गोड करून सांगणार नाही. त्या म्हणाल्या, "आली ते बरं केलं. पर लई उशिरा आली. माझा मालक ह्याच घोरात गेला." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "चप्पल राहिली त्यांची." ती मी धुऊन आणली आहे.

आणि माझं. लिपिकाच्या जागेवर मी जाणार नाही असं काल बाबांना सांगितलं. तुमच्यामुळं नाही, हे मुद्दाम लिहिते. ३ फेब्रुवारीला मी तिसऱ्यांदा ती बाजू चालत होते, पायाला चिखल होता, कुणी माझं ऐकत नव्हतं, आणि माप दीड हातावर जुळलं. तेव्हा मला इतकं बरं वाटलं की तसं मला दुसऱ्या कुठल्याच कामात वाटलेलं नाही. त्या वेळी तुमची आठवण नव्हती. दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

बाबा काल न जेवताच झोपले. आज सकाळी माझ्या डब्याबरोबर टोपी ठेवली होती.

करुणा


फर्दापूर
८ एप्रिल २०२५

करुणा,

चप्पल टाकून दे, जुनी होती.

तुझं पत्र तीनदा वाचलं. गोजरबाई म्हणाली ते खरं आहे, त्यावर मला काही म्हणायचं नाही. तू लिपिक झाली नाहीस आणि माझ्यामुळं नाही, हे वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही. बरं वाटलं एवढं लिहिते.

नोटीस आली आहे. १७ एप्रिलला सकाळी साडेदहाला शहरात वरच्या साहेबांपुढं सविस्तर जबाब द्यायचा आहे. विश्वजीतचा वकील उलट प्रश्न विचारणार. पेन्शनला धक्का लागेल की नाही, कुणी नक्की सांगत नाही. प्रकरण जुनं आहे म्हणतात. राजेंद्र बोलत नाही. त्याचं म्हणणं, मिटलेलं होतं, कशाला उकरलंस. आमच्या नात्यातल्या दोघीतिघींनी फोन बंद केलेत. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

सकाळच्या गाडीनं आले तर वेळेत पोचणं कठीण. आदल्या दिवशी यावं लागेल. पूर्वी शहरात उतरायला नात्यातली चार घरं होती. तुला एखादी बायकांसाठीची बरी, स्वस्त खोली माहीत असेल तर कळव. स्टँडजवळ असली तर बरं.

गीता जंजाळ


पडेगाव
१२ एप्रिल २०२५

मॅडम,

सप्रेम जय भीम.

खोली बघितली नाही. तुम्ही आमच्याकडं उतरायचं. मी घरी सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून. आई म्हणाली, "मंग? लॉजमध्ये कशाला?" बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग त्यांनी विचारलं, "गाडी किती वाजता येते?"

मी अजून रागावलेली आहे. तो राग किती दिवस राहील मला माहीत नाही, आणि तुम्ही समोर आल्यावर काय बोलेन तेही माहीत नाही. कदाचित बोलणार नाही. ते चालत असेल तर या.

सिडकोला उतरू नका, तिथून पडेगाव लांब पडतं. मध्यवर्ती स्टँडला उतरा. १६ तारखेला संध्याकाळी बाबा तिथं घ्यायला येतील. परवा जयंती आहे, गल्लीतला मांडव तोवर निघालेला असेल, त्यामुळं गाडी दारापर्यंत येईल. आई विचारते आहे, भाकरी चालते की पोळी करू. टपालाला वेळ नाही, एवढं फोनवर कळवा, नाहीतर ती दोन्ही करेल.

१७ तारखेची मी रजा टाकली आहे. जबाबाच्या खोलीत मला येऊ देणार नाहीत. बाहेर बाक आहे, तिथं बसेन.

करुणा